वेढाईची शिळा

बालाघाटाच्या एका फाट्यावर तारोळी नावाचे गाव आहे. गावाच्या वर, अर्ध्या चढणीत, एक काळी शिळा उभी आहे. उंची दोन पुरुषांहून थोडी जास्त, पाठ डोंगराकडे, तोंड गावाकडे, आणि सगळे अंग पुढे झुकलेले. तिच्याभोवती अंगठ्याएवढा जाड तारेचा दोर पाच वेळा फिरवलेला आहे. ऊनपावसाने तो हिरवा पडला आहे. जवळ जाऊन पाहिले तर त्याचे पदर वेगवेगळे दिसतात. सहा तांब्याचे, आणि त्यांच्या मधून गेलेला एक बारीक पदर चांदीचा, आता काळपट झालेला. शिळेच्या पायाशी तिच्याच सावलीत झरा आहे. वैशाखातही त्यात कोपरभर पाणी असते.

येणाऱ्याला पहिला प्रश्न त्या तारेचाच पडतो. शिळेची पूजा कोंडिबा गुरवांकडे आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, कान जरा मंद. ते पाहुण्यांना आधी ओंजळभर पाणी प्यायला लावतात, सगळे सावलीला टेकले की मग सांगायला सुरुवात करतात. हे किती वर्षांपूर्वीचे, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या आजोबांनाही सांगता येत नव्हते म्हणे.

तेव्हा या गावाचे नाव तारोळी नव्हते. गावात तांबटाचे एकच घर होते. घरात सोनाई आणि तिचा मुलगा लिंबाजी, अशी दोनच माणसे. सोनाईचा नवरा वारून दोन वर्षे झाली होती. हंडे, कळश्या, घंगाळी घडवण्याचे काम आता लिंबाजी करी. हाताचा चांगला, बोलायला मोजका. त्याचे लग्न घाटाखालच्या बाजारपेठेतल्या एका तांबटाच्या मुलीशी झाले. तिचे नाव भिवरा.

भिवराचा बाप भांडी घडवत नसे, तो तार ओढत असे. लोखंडाच्या पट्टीला लहानमोठी भोके पाडलेली असतात, तिला जंतर म्हणतात. तांब्याची कांब मोठ्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. मध्येमध्ये तार विस्तवात लाल करून निववायची, म्हणजे ती मऊ राहते. बापाला मुलगा नव्हता. त्यामुळे जंतराच्या दुसऱ्या बाजूला सांडशी धरून लहानपणापासून भिवराच उभी राहिली. सासरी येताना तिच्या अंगावर दागिने बेताचेच होते, पण बापाने आपले जंतर तिच्या पेटीत ठेवून दिले होते.

सासरी तारेला काही काम नव्हते. गावाला हंडे लागत, तार कुणाला लागत नसे. जंतर पेटीतच राहिले. मात्र भिवराला इथे एक वेगळीच गोष्ट सापडली. झऱ्याचे पाणी जिथून खाली वाहत जाई, त्या ओहोळात डोंगरातून सुटून आलेले खडे पडलेले असत. काही मधासारखे, काही धुरकट, काही लाल आणि त्यांवर पांढऱ्या रेघा. गावातल्या बायकांना त्यांचे अप्रूप नव्हते. त्या अशा खड्यांनी टाचा घासत.

भिवरा पाण्याला गेली की एखादा खडा उचलून आणी. माहेरच्या बाजारात खड्यांना भोके पाडून माळा करणारे कारागीर तिने पाहिले होते. भोक पाडताना दहांतले चार खडे तरी फुटत, तेही तिने पाहिले होते. तिच्याकडे भोक पाडायचे हत्यार नव्हते, आणि फोडायचे तर तिला मुळीच नव्हते. लिंबाजीच्या कामात तांब्याच्या कातरणी उरत. त्या वितळवून तिने बोटभर कांब केली, दुपारी कामे आटोपल्यावर जंतर काढले आणि दोऱ्याएवढी तार ओढली. खड्याच्या कमरेला एक वेढा, मग उभा एक, मग तिरका एक, आणि वर दोरा ओवायला एक कडी. खड्याला कुठे टोचले नाही, कुठे घासले नाही. तो तारेत नीट बसला.

एकदा लाल खडा हातातून निसटला आणि पायरीवर आपटून दुभंगला. तिला फार वाईट वाटले. तिने दोन्ही अर्धे जुळवून धरले आणि त्यांवर तार फिरवली. तार थोडी गरम करून फिरवली होती, निवल्यावर ती आवळली. खडा पुन्हा एक झाला. भेग दिसत होती, पण हलत नव्हती.

सोनाईला हे पसंत नव्हते. तांबटाच्या सुनेने दगड गळ्यात घालून पाणवठ्यावर जावे, म्हणजे घरात काही नाही असे गावाला सांगण्यासारखे आहे, असे तिचे म्हणणे. ती कडक होती, पण रागीट नव्हती. तिने एकदाच सांगितले आणि विषय बंद केला. भिवराने खडा चोळीच्या आत सरकवला. मग ती खडे करी आणि पेटीत ठेवी. पेटीत सातआठ झाले तेव्हा लिंबाजीने ते एक दिवस पाहिले, हातात घेऊन उलटेपालटे केले, आणि आणखी थोड्या कातरणी तिच्यासाठी बाजूला ठेवल्या.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी भर दुपारी डोंगरातून आवाज आला. गोठ्यातली जनावरे उठून उभी राहिली. माणसे वर धावली तेव्हा शिळेला माथ्यापासून कमरेपर्यंत तिरकी भेग पडलेली होती, हात जाईल एवढी. शिळेचा पुढचा भाग झऱ्यावर आणखी झुकला होता. आतली पोकळी उघडी पडली होती आणि तिच्यात जांभळट, पांढरे स्फटिक दाटीने उगवलेले दिसत होते. त्यांचे कपचे तुटून झऱ्याभोवती पसरले होते. झऱ्याचे पाणी गढूळ झाले होते.

गावाला दुसरे पाणी नव्हते. पुढचा भाग कोसळला तर झरा कायमचा बुजणार होता, आणि तिथून घरंगळला तर खालची दहाबारा घरे त्याच्या वाटेत होती. म्हाळोजी पाटलांनी शेजारच्या गावाहून राणोजी पाथरवटाला बोलावले. राणोजीने शिळेला तीन फेऱ्या मारल्या, हातोडीने ठोकून आवाज ऐकला. तो सरळ माणूस होता. त्याने सांगितले की मी पाचरी मारून शिळा फोडून देईन, पण फुटल्यावर ती कुठल्या बाजूला जाईल हे माझ्या हातात नाही.

त्या दिवशी मंदिरापुढे सगळा गाव जमला. कुणी म्हणाले फोडा, कुणी म्हणाले तिला हात लावू नका. दोघातिघांनी तर गाव सोडायला बैलगाड्या सज्ज करायचे बोलून दाखवले. पाटील ऐकत होते. बायका बाजूला ओट्यापाशी उभ्या होत्या, त्यांत सोनाई आणि भिवरा होत्या. भिवराच्या डोळ्यांपुढे तो लाल खडा होता. ती सासूला हळूच म्हणाली की आत्याबाई, भेग पडलेला दगड तारेने धरतो. सोनाईने तिच्याकडे पाहिले. सासू आता गप्प बस म्हणेल, असे भिवराला वाटले. सोनाईने तिचे कोपर धरले आणि तिला पुढे आणले.

"पाटीलबाबा," सोनाई म्हणाली, "माझ्या सुनेला काही सांगायचंय. तिचं ऐकून घ्या."

भिवराने पदर नीट केला आणि चोळीतला लाल खडा काढून पाटलांच्या हातावर ठेवला. "याचे दोन तुकडे झाले होते," ती म्हणाली. "ओढून बघा. सुटत नाही."

पाटलांनी ओढून पाहिले. मग राणोजीने पाहिले, आणि त्याने जरा जास्तच जोर लावला. खडा सुटला नाही. राणोजी म्हणाला की याच्यात आणि त्या शिळेत फरक आहे, पण बाई बोलते ते चूक नाही. आवळून धरली आणि मागून पाचरी बसवल्या तर शिळा राहीलही. पाटलांनी विचारले की एवढी तार आणायची कुठून. तांब्याचा गावातला सगळा साठा म्हणजे लोकांच्या घरातली भांडी.

तेवढ्यात सोनाई निघून गेली, असे सांगतात. भिवराला वाटले, सासूनेही नाद सोडला. थोड्या वेळाने सोनाई परत आली ती डोक्यावर घंगाळ घेऊन. ते तिच्या नवऱ्याने घडवलेले शेवटचे घंगाळ होते. तो गेल्यापासून त्यात कुणी अंघोळीचे पाणी काढले नव्हते. ती ते चिंचेने घासून देवघरापाशी पालथे घालून ठेवी. तिने ते मंदिराच्या पायरीवर उतरवले, लिंबाजीकडे वळली आणि म्हणाली, "पहिलं हे वितळव. ते माझ्या डोळ्यांपुढे राहायला नको."

संध्याकाळपर्यंत पायरीवर जागा उरली नाही. हंडे आले, कळश्या आल्या, गडू, ताम्हने, पळ्या आल्या. ज्या घरी तांब्याचे काही नव्हते तिथून भट्टीला शेणी आणि लाकूड आले. पाटलीणबाईंनी हातातले चांदीचे गोठ उतरवले. मग बायकांनी वाक्या काढल्या, तोडे काढले, गळ्यातल्या साखळ्या काढल्या. मंगळसूत्र आणि जोडवी तेवढी राहिली.

पुढचे बारा दिवस गावात दुसरे काम झाले नाही. लिंबाजी कांबी ओतायचा. जंतराचे मोठे भोक त्यांना पुरेना, म्हणून लोहाराने मोठी भोके पाडून नवी पट्टी दिली आणि ती मंदिराच्या दगडी खांबाला बांधली. दहा दहा माणसे तार ओढायची. भिवरा पट्टीपाशी उभी राहून हाताने तार चाचपी. कडक झाली की थांबवायची, विस्तवात घालायला लावायची, निवली की पुन्हा ओढायला सांगायची. घाई करणाऱ्याला ती एवढेच सांगे की तार दमली आहे, तिला जरा निवू द्या. पाटीलही तिच्या सांगण्यावर थांबत. सहा पदर तांब्याचे झाले. चांदी थोडीच होती, तिची तार बारीक निघाली, ती मधोमध घातली. बाया आणि बाप्ये दोन्ही बाजूंना बसले आणि दोराला पीळ दिला.

आता तो शिळेला फिरवायचा होता. पुढच्या बाजूने अडचण नव्हती. मागे मात्र शिळा आणि डोंगर यांच्यामध्ये फक्त एक चीर होती. त्या चिरेतून दोराचे टोक घेऊन कुणीतरी पलीकडे जायला हवे होते. पुरुषांचे खांदे तिथे मावेनात. भिवरा अंगाने बारीक होती. लिंबाजी तिला नको म्हणाला. लग्न झाल्यापासून तो तिला प्रथमच नको म्हणत होता. तिने त्याला सांगितले की दोर कुठे सैल राहतो आणि कुठे बसतो हे माझ्या बोटांना कळते, दुसऱ्या कुणाला पाठवून उपयोग नाही. तो बाजूला झाला. मात्र दोराचे दुसरे टोक त्याने स्वतःच्या कमरेला बांधले.

पहिला वेढा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. प्रत्येक वेढ्याला तार खालून धग देऊन गरम करायची, आवळायची आणि पाणी मारून निववायची. राणोजी बाजूने लाकडाच्या पाचरी ठोकत होता. चौथ्या वेढ्याला भिवरा चिरेच्या मध्यावर असताना शिळा हलली.

फार नाही, चार बोटे. पण चिरेत मोकळीक तेवढीच होती. भिवराची छाती पुढच्या दगडाला आणि पाठ मागच्या डोंगराला टेकली. तिला मान वळवता येईना. श्वास अर्धाच आत जात होता. बाहेर लिंबाजी तिच्या नावाने हाका मारत होता, त्या तिला ऐकू येत होत्या, पण उत्तर द्यायला छातीत हवा नव्हती. तिच्या गालाला शिळा लागलेली होती. ती गार होती आणि आतून बारीक थरथरत होती. भिवराला त्या क्षणी भीती वाटली नाही, असे सांगतात. तिला वाटले की ही आपल्यापेक्षा जास्त घाबरली आहे.

तिने ओठ दगडाला लावले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती बोलली. "आई, तू उभी राहा. आम्ही तुला टोचणार नाही, फोडणार नाही. या गावात कुणीही कधी दगडाला भोक पाडून गळ्यात घालणार नाही. तुला वेढलं, तसंच प्रत्येक खड्याला वेढू. पण तू उभी राहा."

शिळेची थरथर थांबली. मग ती आली तशी चार बोटे परत गेली. राणोजी पाथरवट पुढे जन्मभर सांगत राहिला की पाचर माझ्या हातात होती, मी ती मारली नव्हती. भिवरा सरकत सरकत पलीकडे निघाली. तिच्या हातातले दोराचे टोक सुटलेले नव्हते. लिंबाजीने तिला ओढून बाहेर घेतले आणि पाणी पुढे केले. घोटभर पाणी पिऊन ती पाचव्या वेढ्यासाठी पुन्हा आत गेली. या वेळी तिला कुणी नको म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता सोनाई पाण्याला गेली तेव्हा झरा निवळला होता. तळाची वाळू दिसत होती. तिने घागर भरली नाही. ती तशीच परत आली आणि सुनेला उठवून हाताला धरून ते पाणी दाखवायला घेऊन गेली.

गौरी चार दिवसांवर आल्या होत्या. गावातल्या बायका आनंदात होत्या, पण हळदीकुंकवाला जायचे तर मंगळसूत्राखेरीज साऱ्यांचे गळे मोकळे आणि हात मोकळे. भिवराने ते पाहिले. झऱ्याभोवती पडलेले शिळेचे कपचे आणि ओहोळातले काही खडे ती टोपलीभर वेचून घेऊन आली. दोराच्या टोकांची थोडी तार उरली होती, ती तिने जंतरातून दोऱ्याएवढी ओढली. ओसरीवर बसून तिने प्रत्येक घरच्या बाईसाठी एक खडा वेढायला घेतला. पाटलीणबाईंना जांभळा, लोहाराच्या बायकोला मधाच्या रंगाचा, ज्यांनी फक्त शेणी दिल्या होत्या त्यांनाही तसाच आणि तेवढ्याच तारेचा. कुणाचा खडा मोठा नाही आणि कुणाचा लहान नाही, हे तिने पाहिले.

तिसऱ्या दिवशी सोनाई तिच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ ती सुनेच्या बोटांकडे पाहत होती. मग तिने टोपलीत हात घातला, दोनतीन खडे उचलले आणि परत ठेवले.

"मला यातलं कळत नाही," ती म्हणाली. "माझा तू निवड."

भिवराने तिच्यासाठी धुरकट खडा निवडला. उजेडात धरला की त्याच्या आत पहाटेसारखा रंग दिसे. सोनाईने तो तिथल्या तिथे गळ्यात घातला, आणि गौरीपर्यंतही न थांबता पदरावर सगळ्यांना दिसेल असा ठेवून पाण्याला गेली.

शेवटचा खडा वेढून झाला तेव्हा तार संपली. भिवराला स्वतःसाठी काही उरले नाही. लाल खडा पाटलांनी सभेनंतर शिळेच्या पायाशी ठेवला होता. तिने ते मनावर घेतले नाही, ती चुलीकडे वळली. लिंबाजीला मात्र ते दिसले होते. तो हंडे घडवणारा माणूस. त्याच्या हाताला ठोकण्याची सवय, वळवण्याची नाही. त्याने भट्टीच्या राखेत हात घालून सांडलेले तांब्याचे थेंब गोळा केले, ते वितळवले आणि बायकोचे जंतर घेऊन मागच्या अंगणात गेला. पहिली तार तुटली. दुसरी तुटली. तिसरी जाड-बारीक झाली, पण टिकली. खडा त्याने ओहोळातून स्वतः शोधला, तो एका बाजूने चपटा निघाला. त्याला त्याने तार गुंडाळली ती एकीकडे चार वेढे आणि दुसरीकडे एक. कडी तिरपी बसली.

गौरीच्या सकाळी त्याने तो तिच्यापुढे धरला. ती कारागिराची मुलगी होती, तिला त्यातल्या साऱ्या चुका एका नजरेत दिसल्या. त्याने विचारले की तू सगळे सोडवून नीट करून घेणार ना. भिवरा नाही म्हणाली. तिने तो तसाच गळ्यात घातला. पुढे तिने अनेक सुंदर खडे केले. लांबलांबून बायका तिच्याकडे येऊ लागल्या, त्यावरून गावाचे नाव तारोळी पडले. पण तिच्या स्वतःच्या गळ्यात म्हातारपणापर्यंत तो तिरपा खडाच होता म्हणे.

कोंडिबा एवढे सांगून थांबतात. पाहुणे पुन्हा एकदा शिळेकडे बघतात. लोक तिला वेढाई म्हणतात. दरवर्षी गौरी विसर्जनानंतर गावातला एक माणूस पाचरी तपासतो, आणि बायका दोराला चिंच लावून पुसतात. सगळा हिरवेपणा निघत नाही, आणि तो निघावा असे कुणाला वाटतही नाही.

चिरेत शिळेला दिलेला शब्द भिवराने नंतर गावाला सांगितला, म्हणून आजही तारोळीत कुणी दगडाला भोक पाडत नाही. आजही इथे लग्न ठरले की नवरा मुलगा ओहोळात उतरून एक खडा शोधतो आणि नवरीसाठी तो स्वतःच्या हाताने तारेत वेढतो. सोनाराकडून करून आणलेला चालत नाही. मुलगा बँकेत असो की ट्रक चालवत असो, लग्नाआधीचे चार दिवस त्याची बोटे काळी असतात आणि सासरची माणसे त्याची गंमत करत असतात. पहिली तार तुटली तर ते चांगले मानतात.

पाहुणे उतरून गुरवांच्या घरी चहाला थांबले की कोंडिबांची बायको, यमुनाकाकू, न विचारता आपला खडा पदराबाहेर काढून दाखवतात. पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. तार एका बाजूला सैल आहे, खडा आत खुळखुळतो. त्या तो कानापाशी हलवून आवाज ऐकवतात आणि नवऱ्याकडे बघून हसतात. कोंडिबांना तो आवाज आता ऐकू येत नाही, पण त्या कशाला हसतात ते त्यांना ठाऊक असते. ते बशीतला चहा फुंकत म्हणतात, "सैल आहे, पण पडला नाही ना अजून."